इम्पोझिशननंतर अक्षरं बदलतात, पानं सरकतात: जुनं सॉफ्टवेअर बदलण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा

ग्राहकाची पीडीएफ स्क्रीनवर व्यवस्थित दिसते. प्रूफही बरोबर निघतं. इम्पोझिशन, म्हणजे एका मोठ्या शीटवर घडीच्या क्रमाने पानांची मांडणी, होऊन छपाईची प्लेट आली की मात्र फोटोमागच्या सावलीभोवती पांढरा चौकोन दिसतो, एखाद्या प्रकरणात जोडाक्षराच्या जागी भलतंच अक्षर उमटतं, किंवा डावी पानं एकीकडे आणि उजवी पानं दुसरीकडे सरकलेली असतात. ऑपरेटर काहीतरी जुळवाजुळव करून ते काम काढून देतो. थोड्याच दिवसांत तोच दोष दुसऱ्या फाइलवर पुन्हा हजर.

इम्पोझिशनचं सॉफ्टवेअर जुनं असलेल्या प्रेसमध्ये हे चक्र सतत चालू असतं. त्यात एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी: सॉफ्टवेअर बिघडलेलं नाही. ते पहिल्या दिवशी जे करत होतं तेच आजही करतं. बदलल्या आहेत त्या येणाऱ्या फाइली. पारदर्शकता पीडीएफ १.४ मध्ये, म्हणजे २००१ साली आली. लेयर आणि फाइलची आतली नवी दाबून भरलेली रचना १.५ मध्ये आली. आजचे डिझाइनर हे सगळं न विचारता वापरतात आणि त्यांनी ते वापरावंच. म्हणून एका फाइलवर केलेला उपाय पुढच्या फाइलला लागू पडत नाही.

‘नवीन सॉफ्टवेअर घ्या’ हे उत्तर बहुतेक वेळा शेवटी बरोबर ठरतं, पण पहिल्या दिवशी ते देऊ नये. दोष कुठल्या टप्प्यावर होतो हे माहीत नसेल तर नवं सॉफ्टवेअर आल्यावरही प्लेटवर तोच चौकोन दिसू शकतो. शिवाय जुन्या टेम्प्लेटमध्ये (मांडणीच्या साच्यांत) साठलेली घड्यांची, ग्रिपरची (मशीन कागद जिथे पकडतं त्या कडेची), बाइंडिंगची मापं त्या घाईत हातातून जातात. ती परत उभी करायला लागणारा वेळ सॉफ्टवेअर शिकण्याच्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त असतो.

आधी टप्पा ओळखा

दोष असलेल्या एका कामाच्या तीन गोष्टी समोर ठेवा: ग्राहकाची मूळ पीडीएफ, इम्पोझिशननंतरची पीडीएफ, आणि रिपने (पीडीएफचं प्लेटच्या ठिपक्यांत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने) प्लेटसाठी तयार केलेली एक-बिट टिफ, म्हणजे फक्त काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचं चित्र, किंवा तिचा प्रीव्ह्यू. पहिल्या दोन फाइली अ‍ॅक्रोबॅटमध्ये आउटपुट प्रीव्ह्यू उघडून आणि ओव्हरप्रिंट (एका शाईवर दुसरी शाई छापणं) दाखवण्याची सोय चालू करूनच पाहा. साध्या नजरेला फाइल ठीक दिसणं हा पुरावा नाही.

मूळ फाइल ठीक आणि इम्पोझ केलेली बिघडलेली असेल तर दोष इम्पोझिशनचा. दोन्ही ठीक आणि टिफ बिघडलेली असेल तर दोष रिपचा, आणि इम्पोझिशन सॉफ्टवेअर बदलून काहीही साधणार नाही. मूळ फाइलमध्येच दोष असेल तर ग्राहकाला फोन करा.

तुमचं सॉफ्टवेअर पीडीएफ बाहेर देतं की पोस्टस्क्रिप्ट (पीडीएफच्या आधीची पान-वर्णनाची भाषा), हेही इथेच तपासा. पोस्टस्क्रिप्टमध्ये जिवंत पारदर्शकता नावाची गोष्टच नाही. त्यामुळे पोस्टस्क्रिप्ट देणारं सॉफ्टवेअर प्रत्येक पारदर्शक भाग वाटेत सपाट करणारच, म्हणजे साध्या अपारदर्शक तुकड्यांत मोडणारच, आणि ते काम तो जुना प्रोग्रॅम त्याच्या काळच्या समजुतीने करणार. कितीतरी ठिकाणी पांढऱ्या चौकोनांचं मूळ एवढंच असतं आणि ते सेटिंगच्या एका खिडकीत सापडतं.

रिपची खात्री करायला घेंट वर्कग्रुप या छपाई-मानकांवर काम करणाऱ्या संघटनेचा आउटपुट सूट वापरा. हे तपासणीचे तयार तुकडे आहेत. छपाईत एखाद्या तुकड्यावर फुली दिसली तर त्या तुकड्यात तपासली जाणारी गोष्ट तुमच्याकडे चुकते आहे. ती पानं एकदा थेट रिपला द्या आणि एकदा जुन्या इम्पोझिशनमधून फिरवून द्या. थेट दिल्यावर फुली नाही आणि फिरवून दिल्यावर आली, तर वाद संपला. मालकांना खर्चाचं कारण समजावून सांगायलाही ही दोन शीटं पुरेशी आहेत.

अक्षरं बदलणं: सगळ्यात घातक दोष

पांढरा चौकोन मशीनमनलाही दिसतो. बदललेलं अक्षर कुणालाच दिसत नाही आणि पुस्तक बांधून बाहेर जातं. म्हणून याच्याबद्दल जरा सविस्तर.

पीडीएफमध्ये फॉन्ट बहुधा पूर्ण भरलेला नसतो, वापरलेल्या अक्षरांपुरताच असतो. अशा अपुऱ्या फॉन्टच्या नावापुढे सहा मोठी रोमन अक्षरं आणि अधिक चिन्ह लागतं. एकाच फॉन्टचे दोन वेगळे तुकडे ओळखू यावेत हा त्याचा हेतू. पण पीडीएफ बनवणारे काही प्रोग्रॅम दर वेळी तीच सहा अक्षरं लावतात. पुस्तकाची प्रकरणं वेगवेगळ्या पीडीएफमधून आली की एका शीटवर एकाच नावाचे, पण आतून वेगळे असे दोन-तीन फॉन्ट येतात. जुनं सॉफ्टवेअर नाव सारखं म्हणजे फॉन्ट एकच असं धरून पहिला ठेवतं आणि बाकीचे टाकून देतं. मग दुसऱ्या प्रकरणातल्या मजकुराला पहिल्या प्रकरणाचा तुकडा लागतो.

देवनागरीत हे जास्त का होतं? आपल्या फॉन्टमध्ये जोडाक्षरांचे आकार शेकड्यांनी असतात आणि प्रत्येक प्रकरणात त्यातले वेगळेच वापरले जातात. नेहमीची अक्षरं दोन्ही तुकड्यांत असल्यामुळे बरेचदा पान बरोबर वाटतं, आणि ‘वाङ्मय’ किंवा ‘ब्राह्मण’सारख्या शब्दात मधलाच आकार गायब होतो. वरवर चाळणाऱ्याला तो दिसत नाही.

खात्री करायची रीत सोपी आहे. दोष असलेलं पान एकटंच एका शीटवर लावा. एकटं असताना बरोबर आणि सोळापेजी फॉर्ममध्ये (सोळा पानांच्या शीटवर) चूक, तर फॉन्टची सरमिसळ होते आहे. फॉर्ममधली अर्धी पानं काढा, पुन्हा पाहा, उरलेल्यांतली अर्धी काढा. कुठल्या दोन फाइली एकमेकींशी भांडताहेत ते लगेच कळतं.

तात्पुरता उपाय म्हणून सगळी प्रकरणं मूळ प्रोग्रॅममध्येच एकत्र करून पूर्ण पुस्तकाची एकच पीडीएफ काढायला सांगा. इनडिझाइनमध्ये बुक फाइलवरून हे होतं. अक्षरांची आउटलाइन करून घेणं हा अगदी अडलेल्या रात्रीचा उपाय. त्याने लहान टाइप किंचित जाड दिसतो आणि शेवटच्या क्षणी एक काना बदलायचा म्हटलं तरी पान परत मागवावं लागतं. काही प्रेसमध्ये आउटलाइन हा नियमच करून टाकतात. मला तो मजकुरावर अन्याय वाटतो.

पांढरे चौकोन आणि बारीक रेषा

सावली, पारदर्शक पीएनजी, स्पॉट रंगावर (वेगळ्या तयार शाईवर) ठेवलेला ब्लेंड, ही नेहमीची ठिकाणं. यातल्या बारीक पांढऱ्या रेषांबाबत आधी एक गोष्ट तपासा: अ‍ॅक्रोबॅटमध्ये झूम वाढवत जा. कितीही मोठं केलं तरी रेषा तेवढीच केसाएवढी राहते का? तसं असेल तर ती पडद्यापुरती आहे, प्लेटवर येणार नाही. झूमबरोबर रेषाही जाड होत असेल तर ती खरी.

जुन्या व्यवस्थेत काम चालू ठेवायचं असेल तर ग्राहकाकडून पीडीएफ/एक्स-१ए (छपाईसाठीच्या पीडीएफचं जुनं मानक) मागा. त्यात पारदर्शकता मूळ प्रोग्रॅममध्येच सपाट झालेली असते, तिथे तिची सगळी माहिती हाताशी असते. आपल्याकडे आल्यावर पीडीएफचं पोस्टस्क्रिप्ट करून ती डिस्टिलरमधून (पोस्टस्क्रिप्टची पीडीएफ करणाऱ्या प्रोग्रॅममधून) परत काढायची सवय मात्र सोडा. त्या फेरीत पानाच्या कटिंगच्या चौकटीची माहिती, लेयर आणि रंगांचे प्रोफाइल बहुतेक वेळा गळून पडतात. चौकोन जातो, आणि त्याच्या जागी पान सरकण्याचा दोष येतो. मग ऑपरेटरला वाटतं दोन वेगळे आजार आहेत.

कायमची दिशा याच्या उलट आहे. पीडीएफ/एक्स-४ घ्यायची, पारदर्शकता शेवटपर्यंत जिवंत ठेवायची आणि रिपला ती यंत्राच्या रिझोल्यूशनवर सोडवू द्यायची. अडोबीचं पीडीएफ प्रिंट इंजिन २००६ पासून आहे, त्यावर चालणारा रिप हे नीट करतो. तुमचा रिप अजून फक्त पोस्टस्क्रिप्ट समजणारा असेल तर आधी त्याचा विचार करा, इम्पोझिशन नंतर.

पानं सरकणं

पीडीएफच्या प्रत्येक पानाला एकाहून जास्त चौकटी असतात: मीडिया बॉक्स म्हणजे पूर्ण कागद, ब्लीड बॉक्स म्हणजे कापायच्या रेषेबाहेर गेलेल्या छपाईसह (ब्लीडसह) पान, आणि ट्रिम बॉक्स म्हणजे कापल्यावर उरणारं पान. इम्पोझिशनने पान ट्रिम बॉक्सवरून लावायला हवं. जुनी सॉफ्टवेअर अनेकदा मीडिया बॉक्सचा मध्य काढून पान ठेवतात.

चारही बाजूंना सारखा ब्लीड असेल तोवर फरक पडत नाही. समजा डिझाइनरने बाहेरच्या बाजूला ३ मिमी ब्लीड दिला आणि मणक्याच्या बाजूला शून्य. आता मीडिया बॉक्सचा मध्य खऱ्या पानाच्या मध्यापासून १.५ मिमी बाहेर गेला. डाव्या पानावर तो डावीकडे, उजव्या पानावर उजवीकडे. समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेल्या चित्राचे अर्धे भाग त्यामुळे मध्यावर एकूण ३ मिमीने चुकतात. मशीनवर रजिस्टर (छपाईची जुळणी) कितीही जुळवलं तरी हे जुळणार नाही, कारण मशीनची काही चूकच नाही.

अ‍ॅक्रोबॅटच्या प्रेफरन्समध्ये, पेज डिस्प्लेखाली, ट्रिम आणि ब्लीडच्या चौकटी दाखवण्याची खूण आहे. ती कायम चालू ठेवा. चौकट चुकीची असेल तर ‘सेट पेज बॉक्सेस’ने फाइलमध्ये दुरुस्त करा.

हा दोष परत परत का येतो, याचं उत्तर मला जवळपास प्रत्येक ठिकाणी एकच सापडलं आहे. कधीतरी कुणीतरी घाईत टेम्प्लेटमध्येच १.५ मिमीचा ऑफसेट टाकून ठेवलेला असतो. त्या दिवशीचं काम निघतं. पुढे सारखा ब्लीड असलेली, अगदी निर्दोष फाइल येते आणि त्याच टेम्प्लेटमुळे ती सरकते. मग ‘अमुकचं टेम्प्लेट १’, ‘टेम्प्लेट १ नवीन’, ‘टेम्प्लेट १ हेच वापरा’ अशी पिलावळ वाढते. फाइलचा दोष फाइलमध्येच दुरुस्त करायचा. टेम्प्लेटला फक्त यंत्र, कागद आणि घडी माहीत असावी.

फाइल उघडतच नाही, डोंगल सापडत नाही

‘फाइल खराब आहे’ असा संदेश आला आणि तीच फाइल अ‍ॅक्रोबॅटमध्ये उघडत असली, तर ती बहुधा १.५ किंवा पुढच्या रचनेची आहे आणि तुमच्या सॉफ्टवेअरला १.४ पर्यंतच वाचता येतं. अ‍ॅक्रोबॅटमधून ऑप्टिमाइझ करताना अ‍ॅक्रोबॅट ५ शी सुसंगत अशी सेव्ह करा. पारदर्शकता टिकते, रचना जुनी होते.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाजूने येणारे अडथळे थोडक्यात. मॅकओएस १०.१५ पासून, म्हणजे २०१९ पासून, ३२-बिट प्रोग्रॅम चालतच नाहीत. ६४-बिट विंडोजवर डोंगलचा (परवाना तपासणाऱ्या, संगणकाला लावायच्या चावीचा) ३२-बिट ड्रायव्हर चालत नाही, आणि जुन्या सीडीवरचा इन्स्टॉलर १६-बिट असेल तर मूळ प्रोग्रॅम चालण्याजोगा असूनही तो बसवता येत नाही. विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला.

म्हणून जुना संगणक अजून सुरू आहे तोवरच त्याची पूर्ण प्रतिमा घेऊन ती व्हर्च्युअल मशीनमध्ये (दुसऱ्या संगणकात चालणाऱ्या आभासी संगणकात) चालते का पाहा. यूएसबी डोंगल आत पोचवता येतं. समांतर पोर्टाचं असेल तर अवघड आहे. हे मशीन इंटरनेटपासून तोडलेलं ठेवा. हा पूल आहे, त्यावर घर बांधू नका: डोंगल मेलं की परवाना मेला, आणि बंद झालेल्या आवृत्तीसाठी नवं डोंगल मिळेलच असं नाही.

बदलायचं ठरलं, तर आधी टेम्प्लेट बाहेर काढा

एका कंपनीचं टेम्प्लेट दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये जसंच्या तसं जाईल यावर विसंबू नका. आयात होते म्हणणाऱ्यांकडूनही आपल्या टेम्प्लेटवर करून दाखवायला मागा.

विश्वासाची रीत जुनीच आहे, डमीची. एक पीडीएफ बनवा: प्रत्येक पानावर मोठा पानक्रमांक, वरची बाजू दाखवणारा बाण, ट्रिमची रेषा आणि चारही कडांना मिलिमीटरची पट्टी. ही फाइल रोजच्या वापरातल्या प्रत्येक टेम्प्लेटमधून फिरवा आणि निघालेली पीडीएफ जपून ठेवा. टेम्प्लेटमध्ये जे लपलेलं होतं ते सगळं आता उघड्यावर आलं: ग्रिपर किती, गटर (पानांमधली मोकळी जागा) किती, कुठलं पान उलटं, घडीच्या आणि क्रमाच्या खुणा कुठे. शीट छापून हाताने घडी घाला आणि बाइंडरला दाखवा. कागदावर कुठेच न लिहिलेल्या गोष्टी तो तिथे सांगतो, जसं की परफेक्ट बाइंडिंगला (गोंदाच्या बांधणीला) मणक्यातून किती घासलं जातं किंवा सेंटर पिनच्या (मधल्या घडीत पिन मारणाऱ्या) मशीनला एका बाजूची कड किती जास्त लागते. ते त्या शीटवरच लिहून घ्या.

सगळी टेम्प्लेट नेऊ नका. गेल्या दोन वर्षांत न वापरलेली इथेच राहू द्या.

नवं टेम्प्लेट भरताना क्रीपकडे, म्हणजे घडीत आतले कागद बाहेर सरकण्याकडे, विशेष लक्ष द्या. सेंटर पिनची ६४ पानी पुस्तिका म्हणजे एकात एक १६ कागद. कागदाची जाडी ०.१ मिमी धरली तर सगळ्यात आतला कागद बाहेरच्यापेक्षा सुमारे १.५ मिमी पुढे येतो. आता एक सॉफ्टवेअर कागदाची जाडी विचारतं, दुसरं एकूण सरक विचारतं, आणि दोन्ही खिडक्यांत शब्द मात्र ‘क्रीप’ एवढाच. एकूण मागणाऱ्या खिडकीत ०.१ भरलं तर क्रीप नसल्यासारखंच, आणि जाडी मागणाऱ्या खिडकीत १.५ भरलं तर आतली पानं २२.५ मिमी सरकतील. दुसरी चूक लगेच दिसते. पहिली चूक कापल्यावर, आतल्या पानांचे क्रमांक कडेला टेकल्यावर दिसते.

कोणतं घ्यावं

बहुतेक काम पत्रकं, व्हिजिटिंग कार्ड आणि छोट्या पुस्तिकांचं असेल तर क्वाइट इम्पोझिंगसारखं अ‍ॅक्रोबॅटमध्ये बसणारं प्लगइन पुरतं. फक्त ते अ‍ॅक्रोबॅटच्या नशिबाला बांधलेलं असतं: ६४-बिट अ‍ॅक्रोबॅटमध्ये ३२-बिट प्लगइन चालत नाही, म्हणून अ‍ॅक्रोबॅट अपडेट करण्याआधी प्लगइनची आवृत्ती पाहायची. पुस्तकांचं काम, वेगवेगळ्या घड्या, एकाहून जास्त मशीनं असतील तर प्रेप्स किंवा सिग्ना स्टेशनसारखं स्वतंत्र सॉफ्टवेअर हवं. डिजिटल मशीनच्या कंट्रोलरमध्ये इम्पोझिशन आधीच असेल तर डिजिटलच्या कामांसाठी तेच वापरा.

विक्रेत्याच्या नमुना फाइलींवर काहीही ठरवू नका, त्या कायम सुंदर चालतात. तुमच्याकडच्या ज्या फाइलींनी रात्री जागवल्या त्याच चाचणीला द्या: फॉन्टची सरमिसळ झालेलं पुस्तक, विषम ब्लीडचं मासिक, स्पॉट रंगावरची सावली. मशीनच्या शाईच्या चाव्या सीआयपी३ फाइलवरून (कुठे किती शाई लागेल हे मशीनला सांगणाऱ्या फाइलवरून) लागत असतील तर ती फाइल नव्या व्यवस्थेत कोण बनवणार हे विकत घेण्याआधी विचारा, कारण हा दुवा तुटला तर मशीनमनचं काम वाढतं आणि प्रीप्रेसमध्ये कुणाला पत्ताही लागत नाही. वर्गणीवर घेत असाल तर आणखी एक प्रश्न: वर्गणी थांबली तर जुनी कामं उघडता येतील का?

दोन्ही शेजारी चालवा

सुरुवात पुनर्मुद्रणाच्या कामांनी करा, कारण त्यांचं बरोबर उत्तर छापील स्वरूपात हातात आहे. तेच काम दोन्ही सॉफ्टवेअरमधून काढा, दोन्ही शीटं ३०० पीपीआयला ग्रेस्केलमध्ये उघडा, फोटोशॉपमध्ये एकावर एक ठेवून वरचा लेयर डिफरन्स मोडवर टाका. पूर्ण काळं म्हणजे दोन्ही सारखी. अक्षरांच्या कडांवर फिकट रेघ दिसली तर चालेल. कुठे भरीव अक्षर किंवा दुहेरी रेषा उजळली तर तिथे थांबा, आणि कोणतं बरोबर आहे ते मूळ फाइलवरून ठरवा. जुनं बरोबर असेलच असं धरू नका. काही वेळा नव्यामुळेच जुन्यातली वर्षानुवर्षं न दिसलेली चूक उघडी पडते.

एक पुस्तक अर्धं जुन्यात आणि अर्धं नव्यात कधीही करू नका. खुणांच्या जागा आणि क्रीप वाटण्याची पद्धत वेगळी असल्याने फॉर्म एकत्र जुळवताना बाइंडरला त्रास होतो. चालू पुस्तक जुन्यातच संपवा, पुढचं नव्यात सुरू करा.

पुन्हा छापायची शक्यता असलेल्या सगळ्या जुन्या कामांच्या इम्पोझ केलेल्या पीडीएफ काढून ठेवा, कारण जुन्या सॉफ्टवेअरची स्वतःची जॉब फाइल त्या सॉफ्टवेअरशिवाय निरुपयोगी आहे. फाइलच्या नावात मशीन, कागदाचा आकार आणि बाइंडिंग लिहा. पोस्टस्क्रिप्ट देणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत इम्पोझ केलेल्या फाइलीत पारदर्शकता आधीच सपाट झालेली असेल, म्हणून तिच्या जोडीला ग्राहकाची मूळ पीडीएफही त्याच फोल्डरमध्ये ठेवा. व्हर्च्युअल मशीन आणि डोंगल त्यानंतर वर्षभर तरी हलवू नका. वार्षिक अंक, दिनदर्शिका आणि अहवाल यांची फेरी एकदा पूर्ण होऊ द्या.